बॅटरी नव्हे, सोलेनॉइड!

आज नागाव बीचवर सकाळी पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं आणि आमच्या दोन नंबरच्या एटीव्हीचा (वाळूवर फिरवायची चारचाकी बाईक) सेल्फ लागेना. बटण दाबलं की सीटखालून नुसता ‘टक्’. दादा लगेच म्हणाला, “बॅटरी बसली, नवी आण.” मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. बॅटरी ठणठणीत!

मग संशय सोलेनॉइडवर, म्हणजे बॅटरी आणि सेल्फच्या मधल्या स्विचवर. बटणातून जातो तो करंट अगदी थोडा. त्याने आतली कॉइल भारते, जाड काँटॅक्ट जुळतात आणि मग बॅटरीचा खरा जोर सेल्फच्या मोटरला मिळतो. ‘टक्’ येतोय म्हणजे कॉइल काम करतेय. पण बटण दाबून धरून दोन जाड टर्मिनलवर मीटर ठेवला, तर जवळजवळ बॅटरीएवढेच व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास यायला हवेत. काँटॅक्ट जुळतच नव्हते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. हे विसरायचं नाही, पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. नट खाऱ्या हवेने हिरवे पडलेले, अर्धा तास त्यांनीच खाल्ला. नवा सोलेनॉइड बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडली, गाडी न्यूट्रलला, बटण दाबलं… पहिल्या झटक्यात चालू! इतका आनंद झाला की काय सांगू.

जुना फोडून पाहिला. आतली तांब्याची पट्टी पार काळी पडलेली. दादा बराच वेळ ती हातात घेऊन बसला होता. उद्या बाकीच्या तीन गाड्यांचे टर्मिनल घासून ग्रीस लावतोय.