काळ्या ट्यूबशिवाय काळं देऊळ

नववीत इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेची तयारी चालू होती तेव्हाची गोष्ट. चित्रकलेचे सर आम्हा आठ-दहा जणांना श्रावणातल्या एका रविवारी नाशिकच्या गोदाघाटावर घेऊन गेले, पूर ओसरून दोनच दिवस झालेले, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कमरेपर्यंत गाळाची खूण आणि समोरच्या वाड्यांच्या भिंतींवरही तशीच पट्टी उमटलेली. बसल्या बसल्या सरांनी आमच्याकडून जलरंगांची काळी, पांढरी आणि हिरवी ट्यूब काढून घेतली. मला रडूच आलं, कारण समोर सगळं काळंच होतं ना, भिजलेल्या पायऱ्या काळ्या आणि १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ पण काळ्या दगडाचं!

मग सरांनी अल्ट्रामरीन ब्लू या गडद निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून दाखवला. निळा जास्त पडला की ढगाचा गार करडा, तपकिरी जास्त पडला की जुन्या सागवानाचा, आणि दोन्ही घट्ट घेतले की भिजल्या दगडाचा जवळजवळ काळा. ट्यूबमधला काळा कागदावर मेल्यासारखा पडून राहतो, हा तसा नाही, यात निळा कागदाच्या खाचांत दाणेदार बसतो आणि दगड खरंच ओला वाटतो. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडायचा.

मी वाड्याच्या खिडक्या मोजून मोजून काढत होतो. सर मागे येऊन म्हणाले, "अरे, मोजणी करायला आलायस का? तो वाडा बघून तुला काय वाटतंय ते काढ की." मी परत बघितलं तर तो मला थकलेला वाटला, शेजारच्या वाड्याला टेकून उभा असल्यासारखा. म्हणून दुसऱ्या कागदावर तो मुद्दाम कलता काढला, खिडक्या दोनच ठेवल्या, खालची बाजू ओल्या ब्रशनं पाण्यात विरघळवली, गाळाच्या पट्टीला यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, विटांना किंचित क्रिमसन म्हणजे गडद लाल. सगळ्या चित्रात भडक म्हणून फक्त देवळावरचा भगवा, नखाएवढा. पुढे चित्रकार शिवाजी तुपे यांची नाशिकची जलरंगातली चित्रं बघितली तेव्हा त्या रविवारचा एकेक रंग ओळखू आला.

तो वाडा आता राहिला नाही, चित्र आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी ते फ्रेम करून आणतोय, फक्त थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर लावा, क्रिमसन उन्हानं फार लवकर उडतो.