मावशी, तू कोणत्या बाजूला उभी आहे?

परवा पुण्याहून मावशी आली. गाडीने अजनी (नागपूरच्या अलीकडचं स्टेशन) सोडलं तेव्हा तिचा फोन आला, म्हटलं ये, मी बाहेर उभाच आहे. वीस मिनिटांनी पुन्हा फोन, "अरे मी बाहेर आली, तू कुठे आहेस?" म्हटलं बाहेरच, तू कुठे? "बाहेर म्हणजे बाहेर! समोर ऑटोवाले आहेत, एक संत्रीवाला बसला आहे." आता राजे हो, नागपूर स्टेशनच्या दोन्ही बाजूंना ऑटोवाले आहेत आणि संत्रीवाला तर हिवाळ्यात कुठेही दिसते. शेवटी विचारलं, मेट्रो दिसून राहिली का तिथून? म्हणे हो, इथेच तर आहे. संपलं, मेट्रो स्टेशन पूर्वेच्या बाजूला आहे. मी पश्चिमेला जुन्या बिल्डिंगसमोर आणि मावशी पूर्वेला संत्रा मार्केटकडे, मधात आठ प्लॅटफॉर्म, आणि तिच्याजवळ दोन बॅगा अन् एक पिशवी भाकरवडी.

चूक माझीच. संत्रा मार्केटकडून निघू नको हे सांगायला मी विसरलो, आणि तीस वर्षं पुण्यात राहिलेल्या बाईला कसं माहीत असणार की आता लोक तिकडूनही आरामात निघतात. तिला म्हटलं जागची हलू नको, आणि गाडी काढली, जयस्तंभ चौकातून राम झुल्यावर चढलो. बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो, राम झुला म्हणजे रुळांवरून जाणारा तो केबलचा पूल. वर ट्रॅफिक जाम, म्हणून खाली यार्ड पाहत बसलो. हे स्टेशन मला लहानपणापासून आवडते, त्यामुळे वैताग आला नाही.

तर हे दोन बाजूंचं लफडं आजचं नाही. नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये, मुंबईकडून, भुसावळ-बडनेरा करत. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची. मतलब एकच, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायचा. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथे काढली १ जानेवारी १८७७ ला, त्यामागे पण हेच, कापूस जवळ, रेल्वे जवळ आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ. तेव्हाचं स्टेशन आता आहे त्याच्या पूर्वेला होतं. म्हणजे गावाच्या बाजूला, कारण खरं नागपूर तिकडेच आहे ना, महाल, इतवारी, गांधीसागर, मिल, सगळं तिकडे. पश्चिमेला काय, तर सिव्हिल लाइन्स आणि किंग्जवे, साहेबांचे बंगले.

मग आताची बिल्डिंग झाली. १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी उद्घाटन केलं, सावनेरकडच्या वालुकाश्माचं बांधकाम. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती, त्यामुळे थाट तर पाहिजेच. पण या नव्या बिल्डिंगचं तोंड किंग्जवेकडे! माझं तर असं मत आहे की त्या दिवशी स्टेशनाने गावाकडे पाठ केली आणि मग इतकी वर्षं आम्ही गावाच्या बाजूला "मागचं गेट" म्हणत राहिलो. दगड मात्र देखणा आहे, सकाळच्या उन्हात पाहाच एकदा.

बरं, कंपन्या पण दोन. मुंबईकडची जीआयपी नागपूरला येऊन थांबायची, आणि पुढे छत्तीसगडकडे १८८० च्या दशकात गेली ती मीटर गेज. म्हणजे रुळाची रुंदीच वेगळी, इकडचा डबा तिकडे जाऊच शकत नाही, माल उतरवा आणि पुन्हा भरा. मग १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ती लाइन घेऊन ब्रॉडगेज केली आणि १८९१ पर्यंत बंगालातल्या आसनसोलला नेऊन जोडली. मुंबई-कलकत्त्याचा जवळचा रस्ता असा नागपूरवरून झाला. (बीएनआरला लोक तेव्हा 'बी नेव्हर रेग्युलर' म्हणायचे. इंग्रजांच्या काळात गाड्या टायमावर असायच्या म्हणणाऱ्या काकांना हे सांगून द्या.) त्या दोन कंपन्यांचा वारसा आजही चालू आहे. नागपुरात रेल्वेचे डिव्हिजन दोन आहेत, एक मध्य रेल्वेचं आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, दोघांचंही नाव नागपूर डिव्हिजन. डीआरएम, म्हणजे डिव्हिजनचे मोठे साहेब, पण दोन. एका गावाला दोन पाटील!

पुलावर माझ्या बाजूचा बाइकवाला पोरगा मागच्याला सांगून राहिला होता, "तिकडे पुढे डायमंड क्रॉसिंग आहे ना बे, चारही दिशांच्या गाड्या क्रॉस होतात, इंडियात एकच." हे आम्हा नागपूरकरांचं लाडकं वाक्य. रूळ एकमेकांना कापतात हे खरं आहे, पण चार दिशांचं थोडं जास्तच होते, कारण मुंबईची आणि चेन्नईची लाइन वर्धा-सेवाग्रामपर्यंत एकच आहे, फाटा तिथे फुटते. नागपूरच्या उत्तरेला दिल्लीची आणि हावड्याची लाइन वेगळी होते, बस. म्हणूनच तर छत्तीसगड एक्स्प्रेस गोंदियाकडून नागपुरात येते आणि इथे तिचं तोंड फिरते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि गाडी इटारसीकडे जाते. झोपेतून उठलेल्या माणसाला वाटते गाडी परत चालली. मी एकदा एका आजोबांना घाबरून बॅग काढताना पाहिलं आहे.

मला विचाराल तर डायमंडपेक्षा भारी गोष्ट ही की दिल्ली-चेन्नई अंतर साधारण २१८० किलोमीटर, आणि नागपूर इकडून एक हजार नव्वदच्या आसपास, तिकडूनही तेवढंच. बरोब्बर मधात! त्यामुळे देशातल्या कितीतरी लोकांसाठी नागपूर म्हणजे फक्त दहा मिनिटांचा प्लॅटफॉर्म, पाण्याची बाटली आणि जाळीतली संत्री. खालची संत्री पाहून घेत जा, एवढं आपल्याकडून.

सोयी म्हणाल तर आता बऱ्या आहेत. एस्केलेटर, लिफ्ट, एसी वेटिंग हॉल, म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीची गाडी, बाहेर जुन्या डब्यात केलेलं हॉटेल. डिसेंबर २०२२ मध्ये साधारण ५९० कोटींच्या नव्या स्टेशनचं भूमिपूजन झालं, त्यामुळे खोदकाम, पत्रे, आज इकडून रस्ता उद्या तिकडून. समोरचा उड्डाणपूल पण पाडला. टेकडी गणपती तेवढा जागेवर आहे, पत्ता सांगायचा तर तोच सांगा. पण या स्टेशनची खरी परीक्षा दसऱ्याला असते. १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीला माणसं येतात, स्पेशल गाड्या लागतात, नागपूर आणि अजनी दोन्ही स्टेशनं पांढऱ्या कपड्यांनी भरून जातात, पुलावर, जिन्यावर, प्लॅटफॉर्मवर चटया टाकून झोपलेली लेकरं. तेव्हा कोणती लिफ्ट आणि कोणता हॉल, माणसंच माणसांना सांभाळतात.

पोचलो एकदाचा संत्रा मार्केटला. मावशी बॅगेवर बसून संत्री सोलून राहिली होती, डझनभर घेतली होती, भावही करून झाला होता. म्हणे, "आमच्या वेळी एकच दार होतं बाप्पा, हरवायचं कामच नव्हतं." मी म्हटलं मावशी, तू आता बसली ना, हीच स्टेशनची मूळ बाजू आहे, शंभर वर्षांपूर्वी तू बरोबर निघाली असती. यावर तिने मला एक फोड दिली आणि गप गाडी चालव म्हणाली.

परतीचं तिकीट तिने वंदे भारतचं काढलं आहे, नागपूर-पुणे पाहून. ती अजनीहून सुटते, हे मी अजून तिला सांगितलं नाही.