क्योटो: देवळांपेक्षा रस्ते पाहा

क्योटोला जाणारे बहुतेक जण देवळांची यादी घेऊन जातात. आम्ही यावेळी शहराच्या मधल्या जुन्या वस्तीतले रस्तेच पायी पालथे घातले. या शहराचा इतिहास रस्त्यांवर जितका स्वच्छ वाचता येतो तितका कुठल्याही एका देवळात वाचता येत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

७९४ साली चीनमधल्या छांगआन या राजधानीच्या धर्तीवर जपानची ही राजधानी आखली गेली. मधोमध सुझाकु हा जवळजवळ ८४ मीटर रुंदीचा राजमार्ग होता. आज साधारण त्याच रेषेवर सेनबोन हा अगदी साधा रस्ता आहे. सम्राट उत्तरेला बसून दक्षिणेकडे पाहणार, म्हणून शहराची पूर्व बाजू ‘डावी’ ठरली. साक्यो म्हणजे डावा भाग आजही नकाशावर उजवीकडे दिसतो, तो यामुळेच. आडव्या मुख्य रस्त्यांची नावं इचिजो ते कुजो अशी आकड्यांची आहेत. शिजो चौथा, गोजो पाचवा एवढं लक्षात ठेवलं की आपण किती दक्षिणेला आलो ते कळतं. पत्ताही चौकावरून सांगतात: आगारु म्हणजे चौकापासून उत्तरेला, सागारु म्हणजे दक्षिणेला. जाण्यापूर्वी हे दोन शब्द पाठ कराच.

आज दिसणारं शहर मात्र बरंचसं तोयोतोमी हिदेयोशी या तेव्हाच्या सत्ताधीशाचं. १५९० च्या सुमारास त्याने चौकोनी वस्त्यांमधून नवे उभे रस्ते काढले आणि गावभरची मंदिरं पूर्वेच्या कडेला एका ओळीत नेऊन बसवली. तोच तेरामाची रस्ता. १५८२ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराचा अंत जिथे झाला ते होन्नो-जी मंदिरही तिथेच हलवलं गेलं. मूळ जागी, पश्चिमेला, दगडी खूण तेवढी उरली आहे. तेनशी-त्सुकिनुके या वस्तीच्या नावात तर देवस्थानाच्या आवारातून आरपार काढलेला रस्ता अजून शाबूत आहे.

मला सर्वांत भावली ती इथली मोहल्ल्याची रीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची समोरासमोरची घरं मिळून एक ‘चो’. हद्द घरांच्या मागे, आणि रस्ता सगळ्यांना जोडणारा. गिओन उत्सवाचे रथ अशा ‘चो’ मोहल्ल्यांचेच असतात. जुलैत गेलात तर साधारण १० तारखेपासून शिजो, मुरोमाची आणि शिनमाचीवर रथांची बांधणी चालते. खिळा न ठोकता सगळं दोरखंडांनी आवळतात, ते तासभर तरी उभं राहून पाहण्यासारखं आहे. मिरवणुका १७ आणि २४ जुलैला असतात. उकाडा प्रचंड असतो, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच.

ओइके रस्ता मात्र पाहताना जीव कळवळतो. हवाई हल्ल्यांतली आग पसरू नये म्हणून १९४५ मध्ये तिथली घरं पाडली. होरिकावा आणि गोजो यांचीही तीच कथा. प्रशस्त रस्ता पाहून खूश होण्याआधी तिथे राहणाऱ्यांची आठवण ठेवावी.

चालायची वाट अशी धरा: मेट्रोच्या दोन्ही मार्गिका जिथे मिळतात त्या कारासुमा-ओइके स्टेशनवर उतरून दक्षिणेला सान्जो रस्त्यावर या. पूर्वेकडे वळलं की १९०६ ची लाल विटांची बँकेची इमारत लागते; आता ती संग्रहालयाचा भाग आहे. पुढे तेरामाची, थोडं उत्तरेला होन्नो-जी, मग परत दक्षिणेला निशिकी बाजार, आणि तिथून पश्चिमेला शिनमाची. मध्ये थांबत, लाकडी जाळ्यांची जुनी घरं बघत गेलात तर अर्धा दिवस सहज लागतो. निशिकीत संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात. तिथे चालता चालता खाऊ नका, दुकानापाशी उभं राहून खा. कचरापेटी शोधूनही सापडत नाही, म्हणून पिशवी जवळ ठेवा.

गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या काही खाजगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे आणि दंड १०,००० येनचा. पाटी दिसली की मागे फिरा. लोक तिथे राहतात. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवा, किंवा मठातलं शोजिन हे शाकाहारी जेवण मिळणारी जागा आधीच ठरवून ठेवा.