सातवी मात्रा रिकामी

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतला स्टुडिओ. त्या दिवशी रेकॉर्डिंगला चार जणांचा बँड होता: दोन गिटार, बास, ड्रम. गाणारं कोणी नाही, कारण संगीत सर्फ इन्स्ट्रुमेंटल, म्हणजे १९६०च्या सुमाराचं कॅलिफोर्नियातलं, शब्दांविना गिटारवर चालणारं संगीत. रचना नवी होती आणि तिच्यात तीन आडवळणं एकदम होती. सात मात्रांचा ठेका, एकही भाग दुसऱ्यांदा न येणारी बांधणी आणि भैरवाचे सूर.

यातलं तिसरं सर्फमध्ये जुनंच आहे. सर्फ गिटारवादक डिक डेलने १९६२ साली 'मिसिर्लू' ही पूर्व भूमध्य प्रदेशातली जुनी चाल गिटारवर झपाट्याने वाजवली, ती याच सुरांत. रिषभ-धैवत कोमल, बाकी सगळे शुद्ध. मराठी कानाला थाट लगेच कळतो. (थाट म्हणतोय, राग नव्हे. भैरव रागातला आंदोलित रिषभ शोधू नये.)

लय मिनिटाला १६० मात्रा, सा म्हणजे गिटारची सर्वांत खालची ई तार. एका मात्रेत पिकचे (तार छेडायच्या पट्टीचे) चार आघात, म्हणजे दर ९४ मिलिसेकंदाला एक. पहिला टेक ऐकला तर ड्रमर घसरल्यासारखा वाटत होता. क्लिक (ठरल्या लयीत वाजणारी टिकटिक) लावून तपासलं, तो अगदी चोख होता. दोष स्प्रिंग रिव्हर्बमध्ये, म्हणजे स्प्रिंगमधून आवाज नेऊन त्याला घुमारा देणाऱ्या यंत्रात, निघाला.

सर्फचा ओला, टपटपणारा आवाज येतो तो फेंडरने १९६१ साली आणलेल्या स्वतंत्र रिव्हर्ब युनिटमधून. त्याला तीन नॉब: ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात हलवायचं, मिक्सर म्हणजे ओला आवाज किती मिसळायचा, आणि टोन. ड्वेल ७ वर होता, त्यामुळे सुराची शेपटी दोन-अडीच सेकंद रेंगाळत होती. ओळ कोमल रिषभावरून सा वर उतरायची, तेव्हा रिषभ (८७.३ हर्ट्‌झ) अजून विरलेला नसायचा आणि त्याखाली सा (८२.४) सुरू व्हायचा. दोघांतला फरक जवळजवळ ५, म्हणून आवाज सेकंदाला पाचदा डुलायचा. या लयीत अर्ध्या मात्रा सेकंदाला ५.३ पडतात. डुलणं लयीच्या किंचित मागे, आणि कान त्याचं खापर ड्रमरवर फोडतो.

हे मिक्सिंगमध्ये निस्तरता येत नाही. सर्फमध्ये रिव्हर्ब अॅम्प्लिफायरच्या आधी असतो. शेपटीसकट सगळं अॅम्पमधून जातं, मग ती वेगळी कशी काढणार? (गिटारचा कोरडा, रिव्हर्ब न लागलेला सिग्नल डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटार थेट रेकॉर्डरला जोडणाऱ्या डबीतून, वेगळ्या ट्रॅकवर घ्यावाच. पण तोही याच स्प्रिंगमधून पुन्हा काढला तर डुलणं परत येतं.) ड्वेल ४ वर आणला, मिक्सर ५ वरून ६ वर नेला. निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा चालीतच बदल करून गेला: ओळ सा वर न संपवता गंधारावर थांबवली. रिषभ आणि गंधार यांत अंतर पुरेसं आहे, शेपट्या भांडत नाहीत.

ठेक्याचं दुखणं निराळं. सर्फचा नेहमीचा ठेका चार मात्रांचा: १ वर किक, २ वर स्नेअरचे दोन झटपट ठोके, ३ वर किक, ४ वर स्नेअर. सातसाठी ड्रमरने त्यालाच तीन मात्रांचं शेपूट जोडलं होतं: ५ किक, ६ वर पुन्हा जोडठोका, ७ किक. पण सातवी किक आणि समेची किक लागोपाठ आल्या की दर आवर्तनाला ठेच लागते. दोन-तीन पर्याय वाजवून पाहिले. शेवटी सातवी पूर्ण रिकामी ठेवली, झांजसुद्धा नाही. त्या ३७५ मिलिसेकंदांत फक्त स्प्रिंगचं टपटपणं ऐकू येतं आणि सम आपोआप कळते.

मध्येच गिटारची तार ब्रिजवरच्या खाचेतून उडाली. जॅझमास्टर या फेंडरच्या गिटारवर ब्रिजच्या मागे तारेचा कोन फार उथळ असतो; १० च्या (सर्वांत बारीक तार इंचाच्या दहा हजारांश भागांची) पातळ तारा आणि असला मारा, दुसरं काय होणार. १२ च्या फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा चढवल्या, गिटारच्या मानेच्या खाचेत व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवून मान कलती केली आणि ब्रिज थोडा उंच केला. अर्धा तास गेला. रिव्हर्ब युनिट ड्रमच्याच लाकडी फळीवर होतं, किकचा प्रत्येक ठोका स्प्रिंगमध्ये 'धप्प' करून घुसत होता. तेही तेवढ्यात फोमवर, भिंतीपाशी हलवलं.

बांधणीवर मात्र वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. या प्रकारात बहुतेक रचना पहिल्या ओळीकडे परततात. इथे चार भाग, प्रत्येक एकदाच. गाण्यात शब्द तरी कानाला धरून ठेवतात. इथे तिसऱ्या भागापर्यंत ऐकणारा हरवत होता. मुखडा घालायला बँड तयार नव्हता. मग प्रत्येक भागाच्या अखेरीला खालच्या तारेवर पिक चालू ठेवून वरून खालपर्यंत लांब घसरण घेतली, नेमकी एका आवर्तनाची, २.६ सेकंदांची. चाल परतत नाही, घसरण परतते. तिसऱ्या भागात गिटारने सूर तेच ठेवले आणि बास ईवरून ए वर, म्हणजे मध्यमावर गेला. ही सरळ मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलणं: मध्यमाला सा मानलं की भैरव थाटातून कर्नाटक संगीतातला सिंहेंद्रमध्यम हा राग निघतो. गिटारवादकाला एकही बोट नवं शिकावं लागलं नाही.

सहावा टेक ठेवला. शेवटच्या सुरानंतर ड्रमरने, ठरल्याप्रमाणे, रिव्हर्ब युनिटला बाजूने एक लाथ मारली. स्प्रिंग कडाडल्या, आणि तो कडकडाट पूर्ण विरेपर्यंत टेप थांबवली नाही.