आधी जॉब दाखव, मग मशीन बघू

२०२४ च्या ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली आणि मला कोल्हापुरातच मेकॅनिकलला सीट मिळाली. गल्लीत पेढे वाटून झाले. त्याच संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं, मला मॅकबुक पाहिजे.

हे काही त्या दिवशी सुचलेलं नव्हतं. माझा आत्तेभाऊ पुण्यात आयफोनची अ‍ॅप बनवतो. दिवाळीला दादा आला की त्याचं मॅकबुक एअर मी मांडीवर घेऊन बसायचे. सकाळी काढलेला चार्जर तो रात्रीच लावायचा. आत पंखाच नाही, त्यामुळं आवाज नाही. अक्षरं कागदावर छापल्यासारखी दिसायची. मला ते यंत्र मनापासून आवडलं होतं आणि आजही आवडतं. तरी मी विंडोज घेतला. ते कसं झालं हे यंदा प्रवेश घेणाऱ्यांना कळावं म्हणून लिहिते आहे, कारण तेव्हा मला असं सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

पप्पांचं उद्यमनगरात पॅटर्नचं शॉप आहे. फाउंड्रीत ज्याच्याभोवती वाळू ठोकून साचा तयार करतात, तो लाकडी पॅटर्न ते बनवतात. माझं मागणं ऐकून ते नाही म्हणाले नाहीत. भिशीचे ७०,००० येणार होते, ते माझ्या लॅपटॉपलाच ठेवलेत म्हणाले. मग विचारलं, "लेथ घेताना आपण काय बघतो? जॉब केवढा हाय ते बघतो, मग बेड किती लागंल ते ठरतंय. तुझा जॉब काय हाय ते आधी दाखव, मग मशीन बघू."

शॉपमध्ये जॉब म्हणजे मशीनवर चढवून घडवायची वस्तू. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षांत कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं आहे हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला कागदपत्रं द्यायला गेले तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या एका ताईला गाठलं. तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: पहिल्या वर्षाला ग्राफिक्ससाठी, म्हणजे ड्रॉइंगसाठी, ऑटोकॅड, पुढं यंत्रांचे भाग त्रिमितीत काढायला सॉलिडवर्क्स, शेवटी त्या भागांवर ताण किती येतो ते तपासायला अ‍ॅन्सिस. त्या पानानं निम्मं काम केलं. घरी येऊन एकेक नाव घेऊन त्या त्या कंपनीच्या पानावर काय लिहिलंय ते वाचत बसले. ऑटोकॅड मॅकवर चालतं, पण मॅकची आवृत्ती वेगळी आहे आणि विंडोजमधल्या काही गोष्टी तिच्यात नाहीत. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजचं. अ‍ॅन्सिस विंडोज आणि लिनक्सवर, मॅकवर नाही.

मी इतक्यात हार मानणार नव्हते. "मॅकवर विंडोज टाकता येतं की," असं मला तिघांनी तरी सांगितलं होतं. दादाला फोन लावला. तो म्हणाला, ते इंटेलच्या मॅकला लागू होतं. तेव्हा बूट कॅम्प असायचं, त्यातून खरोखरचं विंडोज टाकता यायचं. २०२० च्या नोव्हेंबरात एम१ चिप आली आणि तो रस्ता बंद झाला. आता पॅरलल्ससारखं विकतचं सॉफ्टवेअर घेऊन मॅकच्या आत विंडोज चालवायचं, आणि तेही आर्म चिपसाठीचं विंडोज ११. (एम१ ही आर्म प्रकारची, इंटेलहून वेगळ्या बांधणीची चिप.) सॉलिडवर्क्सवाले त्यावर चालण्याची हमी देत नाहीत. "कदाचित चालेल. पण सबमिशनच्या आदल्या रात्री बंद पडलं तर कुणाला फोन करशील?" दादा स्वतः मॅकवाला. त्याला मॅक लागतोच, कारण आयफोनचं अ‍ॅप बांधायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकशिवाय चालत नाही. त्याचा जॉब तसा, म्हणून त्याचं मशीन तसं.

तरी त्या शनिवारी तो आला तेव्हा दोन दिवस मॅक मागून घेतला. फ्यूजन हे सॉलिडवर्क्ससारखंच डिझाइनचं सॉफ्टवेअर मॅकवर चालतं आणि वैयक्तिक वापराला फुकट मिळतं. पप्पांच्या शॉपमधला एक ब्रॅकेट मोजून त्यात काढला. फार छान चाललं. फ्यूजनवरच भागलं असतं तर मी तिथंच मॅक पक्का केला असता. पण शॉपमधली जुनी हार्डडिस्क जोडली तेव्हा एक अडचण कळली. तिच्यावरच्या फाइल दिसत होत्या, उघडत होत्या, पण माझा ब्रॅकेट तिच्यावर सेव्ह होईना. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही.

आणि मग मी एक चूक केली, ती सांगायलाच हवी. मन मॅकमध्येच अडकलेलं होतं. वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातीत एक एम१ एअर ४४,००० ला दिसला. बघायला येतो तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणून मी ३,००० रुपये ॲडव्हान्स पाठवले, घरात न विचारता. राजारामपुरीत एका चहाच्या टपरीवर भेट ठरली. दादानं फोनवर बजावलं होतं, "त्याला समोर रीसेट करायला लाव, मगच बाकीचे पैसे दे." रीसेट झाल्यावर स्क्रीनवर ॲक्टिव्हेशन लॉक आला, आधीच्या मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागणारा. विकणाऱ्याकडे तो नव्हता. उद्या काढून देतो म्हणाला. त्या उद्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. माझे ३,००० गेले. पप्पांना सांगताना मला रडू आलं. ते म्हणाले, "बाकीचं एक्केचाळीस हजार वाचलं की." वापरलेला मॅक कुणी घेत असेल तर त्यांना हात जोडून सांगते, मालकानं स्वतःच्या आयडीतून बाहेर पडून तुमच्यासमोर मशीन नव्यानं सुरू करून दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

त्यानंतर मी डोकं शांत ठेवून कामाला लागले.

पप्पांच्या शॉपशेजारी एक डिझाइनवाले काका आहेत. त्यांना म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरवर सॉलिडवर्क्स चालताना बघू द्या. त्यांनी एक गिअरबॉक्सची असेंब्ली उघडली आणि मी शेजारी, किती मेमरी लागते ते दाखवणारा टास्क मॅनेजर लावून बसले. मेमरीची रेघ चढत चढत ११ जीबीवर गेली. त्यात ब्राउझर उघडला तर आणखी वर. म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप, मग तो मॅक असो की विंडोज, माझ्या कामाचा नव्हता. तेव्हा मॅकबुक एअर ८ जीबीपासून सुरू व्हायचा (१६ जीबी पुढं ऑक्टोबरात झाली), आणि त्यातली मेमरी नंतर वाढवताच येत नाही. जी घेतली ती कायमची. १६ जीबीचा नवा एअर घ्यायचा तर विद्यार्थी सवलत धरूनही भिशी पुरत नव्हती.

दुकानं फिरायला आई बरोबर आली. एका दुकानात पातळसा, मॅकसारखाच दिसणारा विंडोज लॅपटॉप काढला. "बॅटरी दिवसभर, मॅडम." मी खाली स्टिकर वाचला: स्नॅपड्रॅगन. ही पण आर्म चिपच. विंडोज आहे म्हणजे सगळं चालणार, असं नाही. मॅकवर जी अडचण होती तीच इथं दुसऱ्या वेशात समोर आली होती. इंटेल किंवा एएमडीचाच दाखवा म्हटलं.

दुसऱ्या ठिकाणी एक लॅपटॉप सहा हजारांनी स्वस्त होता. आईचा चेहरा खुलला. बिलावर डॉस लिहून येणार होतं, म्हणजे विकतचं विंडोज त्यात नव्हतं. "विंडोज आम्ही टाकून देतो, ऑफिससकट." कुठून टाकणार विचारलं तर उत्तर नाही. चोरीच्या विंडोजवर मला कॉलेजचं लायसन चढवायचं नव्हतं. आईला पटायला वेळ लागला. सहा हजार म्हणजे आमच्या घरात महिन्याचा किराणा.

शेवटी लक्ष्मीपुरीत घेतला. इंटेल आय५, १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, ६ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, कंपनीचं विंडोज ११, ७१,५०० रुपये. वरचे दीड हजार आईनं घातले. पैसे द्यायच्या आधी दुकानातच तीन गोष्टी बघितल्या. सेटिंगमध्ये विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे का, चार्जर काढल्यावर स्क्रीन तशीच नीट चालते का, आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरलेत. तिथं दोनपैकी एक असं दिसलं. म्हणजे एक मोकळा, पुढं मेमरी घालता येईल. दुकानदारालाही हे माहीत नव्हतं. त्यानं दुसरे दोन लॅपटॉप उघडून तिथंच तपासले.

याचे तोटे मी रोज सोसते. चार्जर धरून वजन तीन किलोच्या जवळ जातं. केएमटीच्या बसमध्ये उभं राहून जाताना खांदा भरून येतो. बॅटरी चार तासांच्या वर टिकत नाही. वर्गात भिंतीकडेची जागा धरावी लागते, कारण सॉकेट तिथंच. मोठी असेंब्ली फिरवली की पंखा असा सुरू होतो की लायब्ररीत माना वळतात. माझी मैत्रीण बी.ए. करते, तिला लिहायला, वाचायला, व्हिडिओ कापायला लागतं. तिनं मॅकबुक एअर घेतलं आणि ती योग्य वस्तू घेऊन बसली आहे. तिची बॅटरी बघून मला हेवा वाटतो, हे खरं आहे.

पण दुसऱ्या वर्षाला सॉलिडवर्क्स आलं तेव्हा वर्गातले दोन मॅकवाले लॅब रिकामी व्हायची वाट बघत थांबायचे. मी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून काम करायचे.

त्याच टेबलावर एकदा तोच ब्रॅकेट पुन्हा काढला, पॅटर्न म्हणून. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पप्पांकडे त्यासाठी वेगळी पट्टी आहे. तिच्यावरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणजे हिशेब करावा लागत नाही. तिच्या कडा वापरून वापरून गुळगुळीत झाल्यात. मी सॉफ्टवेअरमध्ये स्केल १.०१ दिलं, २०० चे २०२ झाले, आणि झेरॉक्सवाल्याला कागदात बसवायला आकार बदलू नको असं दोनदा सांगून ए३ वर एकास एक प्रिंट काढली.

पप्पांनी जेवण झाल्यावर चष्मा लावला, कागद टेबलावर सपाट केला आणि आपली पट्टी त्यावर ठेवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं. पट्टीवर बरोबर २०० आले.

"माप बरोबर हाय," ते म्हणाले. मग वरच्या कडेवर बोट ठेवलं. "पण हितं मशिनिंग हाय न्हवं? फेसिंगला माल कुठं ठेवलास?"

मी लॅपटॉप परत उघडला आणि मशीनवर कापून सपाट करताना जाणारा माल म्हणून त्या कडेला तीन मिलिमीटर वाढवले.