अडतीस किलो

गोधड्यांच्या कापडाचं कपाट आवरायला घेतलं की पहिला दिवस घड्या घालण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी वाटतं, झालं आवरून. मी गेल्या सहा वर्षांत असं चारदा आवरलंय. लाल लालाजवळ, निळं निळ्याजवळ, घड्या एकसारख्या. फोटो छान येतात. कापड मात्र तेवढंच राहतं.

या वेळी घडी घालायच्या आधी वजन केलं. आधी मी एकटी काट्यावर उभी राहिले, मग पिशवी घेऊन, आणि वजाबाकी वहीत लिहिली. चौदा पिशव्या, ३८ किलो. नवरा दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

मग छोट्या काट्यावर एक मीटर कापड ठेवलं. गोधडीसाठी आपण वापरतो ते साधं सुती, ११० सेंटिमीटर पन्ह्याचं, १६२ ग्रॅम भरलं. म्हणजे किलोला सहा मीटरच्या वर, आणि माझ्याकडे साधारण २३५ मीटर. दीड मीटर बाय दोन मीटरच्या गोधडीला वरचा थर, अस्तर, कडेचा गोट धरून दहाएक मीटर लागतं. म्हणजे तेवीस गोधड्या. मी वर्षाला दोन करते, त्याही झाल्या तर. साडेअकरा वर्षं. मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि सुईत दोरा ओवायला आत्ताच चष्मा शोधावा लागतो.

एवढं असूनही दर वेळी 'काहीच जुळत नाही' म्हणून मी नवीन कापड का आणते, याचं उत्तर फोनने दिलं. सगळे गठ्ठे जमिनीवर मांडून फोटो काढला आणि तो काळा-पांढरा केला. रंग गेले, आणि उरला सलग एक करडा पट्टा. माझा लाल, माझा हिरवा, माझा निळा, सगळे एकाच गडदपणाचे! आकृती उठून दिसते ती फिकट-गडदाच्या फरकाने, आणि फिकट कापडं माझ्याकडे जेमतेम दीड किलो. दुकानात फिकट कापडाकडे कोण बघतं? ते तिथे बिचारं दिसतं. म्हणून आता गठ्ठे तीनच: फिकट, मधलं, गडद. त्यांच्या आत रंग कसेही पडोत.

काढून टाकणं त्यामानाने सोपं गेलं. ताणलं जाणारं, पडद्यासारखं जाड, आणि ज्याचा धागा कोणता ते ठाऊक नाही असं, तिन्ही बाहेर. शंका आली तिथे दोन धागे चिमट्यात धरून बशीवर जाळले. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. एक सुंदर जांभळं कापड मणी होऊन गेलं, त्याचं वाईट वाटलं. काही कापडं माझ्याच चुकीने गेली. खिडकीसमोरच्या उघड्या फळीवर ठेवली होती, घडीच्या रेषेवर रंग उडालेला. आणि थेट लाकडाला टेकून राहिलेल्यांवर तपकिरी डाग, ते धुऊन निघाले नाहीत. फळीवर आता जुनी, धुतलेली सुती चादर अंथरली आहे.

धुतलेलं कोणतं नि कोरं कोणतं, हा घोळ जुनाच. कोरं आणि धुतलेलं एकाच गोधडीत आलं तर पहिल्या धुण्यात कोरं आटतं आणि शेजारचं चुण्या धरतं. आता धुऊन वाळलं की एक कोपरा तिरका कापते. कोपरा आहे, म्हणजे पाणी लागलेलं नाही. गडद लाल असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघते, रंग सुटतो का ते. या लाल रंगाने मला एकदा रडवलंय, त्यावर पुन्हा कधीतरी.

चिंध्यांची टोपली मी सगळ्यात जास्त टाळत होते. आत हात घातला की टाचणी टोचणार हे ठरलेलं. शेवटी दोनच मापं धरली: ५ इंचांचे चौकोन आणि अडीच इंचांच्या पट्ट्या. चौकोन बसला तर चौकोन, नाहीतर पट्टी, तीही बसली नाही तर तो तुकडा टाचण्यांच्या उशीत भरायला. इस्त्री करून कापत बसले, चार संध्याकाळी गेल्या. टोपली संपली आणि २१२ चौकोन निघाले. टोपलीत असताना ते कापड होतं असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि मग बगळे. फूटभर उंचीचे पांढरे बगळे, गडद निळ्यावर, सव्वादोन मीटर. नऊ वर्षं 'चांगल्या कामासाठी' ठेवलेले. पण चौकोन कापायचे म्हणजे एकात चोच, एकात पाय, एकात नुसतंच निळं. दरवर्षी बाहेर काढायचे, हात फिरवायचा, परत ठेवायचे. या वेळी हातात घेऊन बसले असताना लक्षात आलं की मी त्यांना वरच्याच थरात बघत होते. अस्तराला कापड कापावंच लागत नाही. लांबी पुरत होती. काठ काढून १०८ सेंटिमीटर रुंदी मिळत होती आणि हवी होती निदान १६५. राहिलेली जागा चौकोनांनी भरली. एका ओळीत पाच, अशा १९ ओळी. पाव इंच शिवण गेल्यावर ती पट्टी ५७ सेंटिमीटर भरली.

११ किलो कापड बाहेर गेलं, त्यातलं बरंचसं शिवण शिकणाऱ्या एका मुलीकडे. तिला जाड कापड पिशव्यांसाठी हवंच होतं. वहीत आता २७ लिहिलंय. त्याखाली: फिकट, तीन मीटर, आणले. नवऱ्याला दाखवलं. ते वजनात धरलंय का, एवढंच त्याने विचारलं.

धरलं नव्हतं.