तुम्ही विचारलंत म्हणून: स्पायडरमॅन मराठीत का बोलत नाही?

लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या गणपतीत कुणीतरी गाठतंच. "तुम्ही डबिंगचं लिहिता ना? मग ते मार्व्हलचे पिक्चर मराठीत का नसतात हो?" विचारणाऱ्याचा सूर असा, की मीच ते कपाटात कुलूप लावून ठेवलेत.

आधी खुलासा करते. मी लहान मुलांच्या कार्टूनचे आणि टीव्हीवर लागणाऱ्या दाक्षिणात्य सिनेमांचे मराठी संवाद लिहिते. हॉलिवूडचा सुपरहिरो माझ्या टेबलापर्यंत कधी आलेला नाही. पण हा प्रश्न इतक्यांदा अंगावर आलाय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

गंमत म्हणजे विचारणारा बहुतेक वेळा उत्तरही घेऊनच आलेला असतो. "मराठीत ते शोभत नाही. हसू येतं." हे ऐकलं की मी वेताळ काढते, म्हणजे कॉमिक्समधला फँटम. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झाली, 1990 ला बंद पडली, आणि ती मराठीतही निघायची. आमच्याकडे दादाच्या ट्रंकेत गठ्ठा होता. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, ठोसा बसला की हनुवटीवर कवटीचा ठसा. वेताळ मराठीत बोलायचा, जादूगार मँड्रेक मराठीत संमोहन करायचा, आणि 'हे शोभत नाही' असं घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. अभ्यास सोडून वाचता म्हणून ओरडा बसायचा, तो वेगळा.

तेव्हाही काटछाट होतीच. मूळ कथेतला नावाने बंगालशी जुळणारा देश आपल्याकडे 'डेंकाली' झाला, आणि वेताळाच्या बापाला मारणारा समुद्री चाचा मुळात 'रामा' होता, त्याचा 'रामालू' करून टाकला. खुनी माणसाला रामाचं नाव नको, एवढी साधी काळजी. 2018 मध्ये 'ब्लॅक पँथर' आला, त्यात एक टोळी हनुमानाचा जयजयकार करते. सेन्सॉरने तो शब्दच मूक केला. थिएटरात त्या जागी नुसते ओठ हलले. जयजयकारात वाईट काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. पण माझ्यासारखीने लिहिताना एक कान कायम तिकडे ठेवावा लागतो, कारण डब केलेल्या प्रत्येक भाषेच्या आवृत्तीला बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं घ्यावं लागतं. इंग्रजीत खपलेली शिवी मराठीत अडकू शकते. आपल्या भाषेत ती जास्त लागते, आणि तपासणाऱ्यालाही लागते! 2023 च्या दुरुस्तीपासून यू/ए, म्हणजे पालकांच्या देखरेखीत बघायच्या प्रमाणपत्राचे, सात, तेरा आणि सोळा असे वयाचे तीन गट झालेत. मला वाटलं होतं, आता कात्री जरा विसावेल. 2025 च्या 'सुपरमॅन'ला तेरा प्लस मिळालं, तरी नायक-नायिकेच्या चुंबनाचं अर्ध्या मिनिटाच्या आसपासचं दृश्य गेलंच. इमारती कोसळलेल्या मात्र तेरा वर्षांच्या मुलाला चालतात.

तर, शोभण्याचा प्रश्न. खरं सांगू का, मराठीत काही गोष्टी जास्त चांगल्या बसतात. स्पायडरमॅनची आंट मे घ्या. इंग्रजीत आंट म्हणजे मावशी, आत्या, मामी, काकू, काहीही. अंकल बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे ही काकू. 'मे काकू' म्हटलं की नातं जागेवर बसतं. आणि तिने लहानाचा मोठा केलाय, तेव्हा 'अहो काकू, तुम्ही' नाही, 'अगं काकू' म्हणणार तो. या एका 'अगं'त जे येतं त्यासाठी इंग्रजीत आख्खा प्रसंग लिहावा लागतो.

अडचण असते ती ओठांची. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात आणि पडद्यावर ते दिसतं. नायक ओरडतो 'मूव्ह!' तोंड मिटून उघडलं, संपलं. 'बाजूला हो' लिहिलं तर सुरुवात जुळते, पण त्याचं तोंड बंद झाल्यावरही आपला आवाज चालूच. 'मागे!' चालतं. 'पळ!' तर चपखल, फक्त समोरच्याने खरंच पळायला हवं असेल तर. दिवसभर हेडफोन लावून असले हिशेब करत बसायचं, हे माझं काम.

एकदा एका कार्टूनमध्ये उडणारा नायक मनोऱ्यावरून पडतो. मुळात 'आऽऽ' होतं. मी लिहिलं 'आई गंऽऽ'. आर्टिस्टने असं काही म्हटलं की रेकॉर्डिस्टने मान वर केली. वाहिनीकडून उत्तर आलं, 'हीरो घरगुती वाटतो, बदला.' आम्ही परत 'आऽऽ' केलं. मराठी माणूस मनोऱ्यावरून पडला तर दुसरं काय म्हणेल, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण बिल निघायचं होतं.

आता खरं उत्तर, आणि ते भाषेचं नाही, हिशेबाचं आहे. मार्व्हलचा 'अव्हेंजर्स: एंडगेम' 2019 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा चार भाषांत लागला. त्यासाठी ए. आर. रहमानने खास गाणं केलं, ते हिंदी, तमिळ, तेलुगूत. पहिल्याच दिवशी पन्नास कोटींच्या वर धंदा, आणि मुंबईत मध्यरात्रीनंतरचेही शो. त्या पन्नास कोटींत डोंबिवली होती, नाशिक होतं, कोल्हापूर होतं. पण वहीत ती सगळी हिंदी किंवा इंग्रजीच्या रकान्यात पडली. तमिळ प्रेक्षक हिंदीत बघणार नाही, म्हणून त्याच्यासाठी तमिळ करावंच लागतं. मराठी प्रेक्षक हिंदीत बघतो. मग दुसरं भाषांतर, दुसरे आवाज, दुसरं मिक्सिंग, दुसरं प्रमाणपत्र, दुसरा ट्रेलर हा खर्च वितरकाने कशाला करायचा? मी त्याच्या खुर्चीत असते तर मीही केला नसता. हिंदी येणं हा आपला गुण, आणि तोच इथे नडतो.

हिंदी समजणारा प्रेक्षक म्हणजे हिंदीचाच, हे काही दगडावर कोरलेलं नाही. 2007 मध्ये 'स्पायडरमॅन 3' भोजपुरीत आला होता. म्हणजे कुणाला तरी तिथे वेगळा गल्ला दिसला. आमच्या बाजूनेही सगळं सरळ नाही. माझ्या ओळखीचे मराठी निर्माते डबिंगचं नाव काढलं की गप्प होतात. मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला धड वेळ मिळावी म्हणून 2015 मध्ये सरकारला नियम करावा लागला. अशात मराठी बोलणारा आयर्न मॅन त्याच शोवर येऊन बसला तर? त्यांची भीती मला पटते. श्रेयस तळपदेचा 'बाजी' त्याच वर्षी आला होता, मुखवट्याचा, घोड्यावरचा, अस्सल आपला. त्याला अमेरिकन बजेटशी कुस्ती खेळायला लावणं बरोबर नाही. पण प्रेक्षक तसाही हिंदीतला आयर्न मॅन बघून येतोच ना. त्याने त्या दिवशी मराठी सिनेमा पाहिला असता, असं थोडंच आहे?

आणि मग 2023 च्या जूनमध्ये स्पायडरमॅनचा ॲनिमेशनपट 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला. भारतात दहा भाषांत, आणि त्यात मराठी! कारणही तसंच होतं. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन आहे, 2004 च्या आसपासच्या भारतीय कॉमिकमधला, धोतर नेसणारा, गावाहून मुंबईत आलेला पोरगा. सिनेमात त्याचं शहर 'मुंबॅटन', मुंबई अधिक मॅनहॅटन. त्या शहराचं रेखाटन करताना चित्रकारांपुढे इंद्रजाल कॉमिक्सची जुनी पानं होती. हे वाचलं तेव्हा मी दादाला फोन केला. आपली ट्रंक हॉलिवूडला जाऊन परत आली रे, म्हटलं. हिंदीत आणि पंजाबीत या पवित्रला आवाज दिला शुभमन गिलने. जाहिरात म्हणून झकास डोकं, आयपीएल नुकती संपत होती. मुंबईच्या पोराला पंजाबच्या फलंदाजाचा आवाज, पण ठीक आहे, मुंबईत हे होतंच.

मराठी ट्रेलर मी भाच्याबरोबर फोनवर किती वेळा पाहिला असेल, मोजलं नाही. तो सहा वर्षांचा. खेळण्यातल्या बाहुल्यांशी हिंदीत बोलतो, 'रुक जा, वरना', आणि तहान लागली की मराठीत पाणी मागतो. त्याने ट्रेलर ऐकून विचारलं, "मावशी, याला आपलं बोलता येतं?"

शनिवारी त्याला घेऊन गेले. ॲपवर आमच्या शहरात हिंदीचे शो होते, इंग्रजीचे होते, मराठीचा दिसेना. म्हटलं ॲपची चूक असेल. खिडकीवर जाऊन विचारलं, मराठीतला शो कितीचा आहे? आतल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे.

"मराठीत? मॅडम, इंग्लिश पिक्चर आहे तो," स्वच्छ मराठीत म्हणाला, आणि हिंदीच्या शोची दोन तिकिटं छापून दिली.